अस्थिसुषिरता

हाडातील खनिज आणि आधारद्रव्य दोन्ही घटून हाड सच्छिद्र व ठिसूळ होण्याचा विकार. मनगट, मणका आणि खुब्याचे हाड किरकोळ पडण्यानेही मोडते. तोवर बहुधा काही दुखत नाही. बोलीत यालाही ‘हाडांची झीज’ म्हणतात आणि गुडघ्याच्या संधिवातालाही. विकार मात्र वेगळे.

‘ऑस्टिओपोरोसिस’ ही मूळ पाश्चात्त्य संज्ञा स्ट्रासबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ झां लोबस्टाइन यांनी 1830 च्या सुमारास रूढ केली असे सामान्यतः मानतात. त्यांनी वर्णिलेले काही रुग्ण जन्मजात अस्थिभंगुरतेचे असावेत, असाही एक पक्ष आहे. पाळी जाण्याशी असलेला संबंध अमेरिकी वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी 1940 च्या सुमारास मांडला. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘सौषिर्य’ (पोकळपणा) हा शब्द आढळतो, पण तो मज्जाक्षयाच्या, म्हणजे मज्जा घटण्याच्या लक्षणांत. अस्थिक्षयात (अस्थिधातू घटल्यावर) हाडांत टोचणे आणि दात, केस, नखे झडणे सांगितले आहे. त्यामुळे साम्य शब्दापुरते मानणे अधिक सुरक्षित.

निदानाचा आधार म्हणजे डेक्सा तपासणी. दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांच्या शोषणातील फरकावरून कंबरेचे पहिले चार मणके आणि खुबा यांतील खनिज मोजतात. एकक ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे खोली धरलीच जात नाही. लहान चणीच्या बाईची घनता त्यामुळे प्रत्यक्षाहून कमी दिसते. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी संदर्भ म्हणून 20 ते 29 वर्षांच्या अमेरिकी श्वेतवर्णीय स्त्रियांची सरासरी 0.858 आणि प्रमाण विचलन 0.120 घेतात. रुग्णाचे मूल्य या सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे, तो टी-स्कोअर. मूल्य 0.600 असल्यास तो सुमारे −2.15 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या निकषानुसार −2.5 किंवा त्याखाली अस्थिसुषिरता, −1 ते −2.5 मध्ये अल्पघनता. पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतील पुरुषांना हा निकष लावत नाहीत. त्यांच्यासाठी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहतात.

उतारवयात मणक्याला फुटलेले काटे किंवा महाधमनीत साचलेले कॅल्शियम घनता फुगवतात. अशा वेळी खुब्याचा आकडा ग्राह्य धरावा. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवावी, नाहीतर न विरघळलेली गोळी मणक्यावर दिसते. पुनर्तपासणी त्याच यंत्रावर करावी. शिबिरांत टाचेवर लावतात ते ध्वनिलहरींचे यंत्र. त्याचा टी-स्कोअर डेक्साच्या निकषाला लावणे चूक. साध्या एक्स-रेत घट दिसू लागते तोवर साधारण तृतीयांश खनिज गेलेले असते. मात्र तरुणपणापेक्षा उंची 4 सेंमी किंवा अधिक घटली असेल, तर दबलेला मणका शोधण्यासाठी पाठीचा एक्स-रे काढावा.

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत नागलीची भाकरी नेहमीची. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण फायटेट या धान्यातील, कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे ते सगळे अंगी लागत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीची रोजची शिफारस 1200 मिलिग्रॅम आहे. ऊन मुबलक असले, तरी द्राक्षबागेत साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला स्कार्फ बांधून काम करणाऱ्या बाईच्या त्वचेवर ते थोडेच पडते. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने हाड मऊ होते (अस्थिमृदुता). तेही डेक्सात कमी घनतेचेच दिसते. म्हणून औषधापूर्वी रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व तपासतात.

औषधांत अॅलेंड्रोनेट सर्वाधिक वापरात: आठवड्यातून एकदा 70 मिलिग्रॅम, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि चहाही घ्यायचा नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळल्यास व्रण पडतो.