छोट्या इंजिनासाठी स्वस्त कॉम्प्रेशन टेस्टर: आधी व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघा

ब्रश कटर, चेनसॉ किंवा फवारणी पंपाचं इंजिन सुरू व्हायला कुरकुर करू लागलं, की पेट्रोल आणि ठिणगी तपासून झाल्यावर तिसरा प्रश्न उरतो: सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतोय का? गाड्यांसाठी बनवलेला स्वस्त टेस्टर अशा इंजिनाला लावला, तर पुष्कळदा धडधाकट इंजिनही बाद दिसतं. हा दोष किमतीचा नाही, टेस्टरमधल्या एका लहानशा व्हॉल्व्हच्या जागेचा आहे.

टेस्टरमध्ये प्लगच्या भोकात बसणारं आट्यांचं टोक, नळी, गेज आणि एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. पिस्टन वर आला की दाबलेली हवा व्हॉल्व्ह ओलांडून पुढे जाते आणि तिथेच अडकते. म्हणून दोरीच्या प्रत्येक ओढीला काटा थोडा थोडा चढतो. पण हा व्हॉल्व्ह गेजच्या बाजूला असेल, तर नळीतली सगळी पोकळी ज्वलनकक्षात जमा होते.

३५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन घ्या. एक्झॉस्ट पोर्ट (जळालेला वायू बाहेर जाण्याचं भोक) बंद होताना कोंडलेली जागा २८ सीसी आणि पिस्टन वर पोचल्यावर उरलेली ४ सीसी धरू, म्हणजे हवा ७ पट दाबली जाते. आतून ४ मिमी व्यासाच्या, ३० सेंमी लांब नळीची पोकळी भरते ३.८ सीसी. ती दोन्हीकडे मिळवली की ३१.८ भागिले ७.८, म्हणजे जेमतेम ४.१ पट. काटा खऱ्या दाबाच्या निम्म्यावरच थांबतो. ५०० सीसीच्या कार सिलिंडरमध्ये, जिथे कक्षच ५५ सीसीचा असतो, हीच नळी १० पटीचं ९.५ पट करते. तो फरक कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यामुळे घेताना आधी नळीच्या आट्यांच्या टोकात डोकावून बघा. मधोमध ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी पिन दिसली पाहिजे. न दिसल्यास तो टेस्टर छोट्या इंजिनासाठी नाही. व्हॉल्व्ह टोकाशी असला तर नळीच्या लांबीनं फक्त काटा स्थिरावायला जास्त ओढी लागतात, आकडा बिघडत नाही. अडॅप्टर, म्हणजे वेगळ्या मापाच्या भोकासाठी टोकाला लावायचा जोड, मात्र व्हॉल्व्ह आणि इंजिनाच्या मध्ये येतो, म्हणून त्याची पोकळी मोजणीत घुसतेच. तुमच्या बहुतेक इंजिनांना १४ मिमीचा प्लग असेल, तर नळीचं टोकच १४ मिमी, १.२५ पिचचं (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) घ्या. बऱ्याच छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांना १० मिमी, १ पिच लागतो. त्यासाठी वेगळी नळी मिळाली तर अडॅप्टरपेक्षा ती बरी. एनजीके प्लगवरचं पहिलं अक्षर आट्यांचा व्यास सांगतं: बी म्हणजे १४, डी म्हणजे १२, सी म्हणजे १० मिमी.

आट्यांची लांबीही प्लगएवढीच हवी. चेनसॉच्या बऱ्याच प्लगचे आटे ९.५ मिमीच असतात. तिथे १९ मिमीचं टोक पूर्ण पिळलं तर पिस्टन येऊन त्यावर आपटू शकतो. अडॅप्टर वापरायचाच असेल तर तो आधी नळीला पान्यानं घट्ट करा आणि मग हेडमध्ये हातानंच बसवा. नाहीतर नळी काढताना अडॅप्टर हेडमध्येच अडकतो.

गेज ० ते ३०० पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं एकक) पुरे. चूक पूर्ण पट्ट्याच्या टक्क्यांत धरली जाते, त्यामुळे २.५ टक्क्यांचं गेज इथे साडेसात पीएसआय इकडेतिकडे होईल. तेवढेच टक्के डिझेलच्या १००० पीएसआयच्या गेजवर २५ पीएसआयची चूक देतात. डिजिटल गेज दशांश दाखवतं म्हणून अचूक असतंच असं नाही. त्यावर जादा खर्च करण्यापेक्षा सुट्या पिना घ्या, त्याही टेस्टरच्याच. टायरची पिन तिथे बसते, दिसायलाही तशीच असते, पण तिची स्प्रिंग कडक असते आणि तेवढा दाब आकड्यातून कापला जातो.

चाचणी इंजिन गरम असताना घ्या. पेट्रोल बंद करा, प्लगची वायर इंजिनाच्या धातूला अर्थ करा, चोक उघडा आणि थ्रॉटल पूर्ण दाबून धरा. थ्रॉटल बंद राहिला तर हवाच कमी शिरते. आकडा कमी येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी सारख्याच जोरानं ओढा. आठ-दहा ओढी लागू शकतात. चेनसॉला डीकॉम्प्रेशनचं (दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारं) बटण असेल तर ते दाबलेलं नको.

टू-स्ट्रोकला १३० ते १७० पीएसआय ठीक. १०० च्या खाली सुरू होणं अवघड. उंचावर हवाच विरळ असते: १५०० मीटरवर आकडा साधारण सहाव्या भागानं घटतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून १ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. चांगला वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा सिलिंडरचा. फोर-स्ट्रोकमध्ये तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा. ऑइल जास्त ओतू नका: ४ सीसीच्या कक्षात ३ मिली ऑइल गेलं तर जागाच उरत नाही आणि आकडा खोटाच वाढतो.

दोरीच्या अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत सुरू करताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी यंत्रणा कॅमवरच (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) असते. तिथे ६० ते ९० पीएसआय दिसले म्हणून इंजिन उघडू नका. बाहेरून हवा सोडून गळती मोजणारा लीक-डाऊन टेस्टर लावा. नवा टेस्टर मात्र आधी चांगल्या चालणाऱ्या इंजिनावर लावून बघा. ओढ थांबल्यावर काटा मिनिटभर तरी जागचा हलता कामा नये. प्रत्येक ओढीनंतर तो शून्याकडे परतत असेल तर पिनेत कचरा आहे; हळूहळू उतरत असेल तर पिन आणि नळीचे जोड तपासा. काटा टिकतो, पण आकडा कमी येतो, असं असेल तर टोकावरची ओ-रिंग (रबरी कडी) जागेवर आहे का ते बघा.