तोंडात चॉकलेट कोंबणारी ल्युसी

खान्देशात हसवणाऱ्या बाया कधीच कमी नव्हत्या. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी ऐका, नाहीतर लग्नात विहिणीची केलेली थट्टा. पण हे सगळं अंगणात, बायाबायांत. तमाशात सोंगाड्या म्हटला की पुरुषच. आज टीव्हीवर बाई विनोद करते आणि सगळं घर मिळून हसतं. ही वाट ज्यांनी पाडली, त्यांत अमेरिकेची ल्युसिल बॉल फार पुढे होती.

तिचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनचा. ती तीन वर्षांची असताना वडील टायफॉइडने गेले. पुढे ती नाटक शिकायला न्यूयॉर्क शहरात गेली, तर शिक्षकांना वाटलं, ही फारच लाजाळू, हिला जमायचं नाही. मग मॉडेलिंग, सिनेमातल्या लहानसहान भूमिका. मोठी नटी काही ती तिथे झाली नाही.

१९४८ पासून तिचा रेडिओवर नवरा-बायकोचा विनोदी कार्यक्रम चालू होता. सीबीएस कंपनीला तो टीव्हीवर आणायचा होता. ल्युसिलची अट एकच: नवऱ्याचं काम माझा खराखुरा नवरा, देसी अर्नाझ, करेल. देसी क्यूबाचा, बोलण्याची ढब वेगळी. लोक हे जोडपं मान्य करतील का, अशी कंपनीला शंका. तेव्हा दोघं गावोगाव रंगमंचावर खेळ करत फिरले आणि प्रेक्षक हसतात हे दाखवून दिलं.

१५ ऑक्टोबर १९५१ ला ‘आय लव्ह ल्युसी’ ही टीव्ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात जळगावला बहिणाबाई चौधरी गेल्या. आपल्या मुंबईत दूरदर्शन यायला अजून एकवीस वर्षं होती. अमेरिकेत तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवत, आणि दूरच्या शहरांना मिळे ती पडद्यावरून टिपलेली धूसर प्रत. या दोघांना घर सोडून न्यूयॉर्कला जायचं नव्हतं. त्यांनी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रण केलं. खर्च वाढला, तर मानधन कमी घेतलं, पण फिल्मची मालकी आपल्याकडे ठेवली. मालिका पुन्हा पुन्हा दाखवता आली ती त्यामुळेच, आणि माझ्या मते हा तिच्या विनोदाइतकाच मोठा पराक्रम.

विनोद मात्र बघायलाच हवा. चॉकलेटच्या कारखान्यात पट्टा वेगाने धावू लागतो, वेष्टन घालणं जमेना, तेव्हा ल्युसी चॉकलेटं तोंडात, टोपीत, झग्यात कोंबते. इंग्रजी येत नसलं तरी पोट धरून हसाल. देखण्या बाईने असं तोंड वेडंवाकडं करायचं नसतं, हा समज तिने मोडला. त्यामागे कसून तालीम असे.

ती गरोदर राहिली, तेव्हा तेही कथेत आलं. मात्र ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायला मनाई होती! १९ जानेवारी १९५३ ला बाळाच्या जन्माचा भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. त्याच दिवशी तिला खरोखर मुलगा झाला.

१९६० मध्ये दोघं वेगळे झाले. १९६२ मध्ये तिने दोघांच्या ‘देसीलू’ स्टुडिओतला देसीचा वाटा विकत घेतला आणि तो स्वतः चालवायला घेतला. एवढा मोठा स्टुडिओ बाईने चालवणं तेव्हा नवीनच होतं. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका तिथेच तयार झाली. खर्च पाहून कंपनीतले लोक कचरत असताना ल्युसिल त्या मालिकेच्या पाठीशी उभी राहिली. १९६७ मध्ये तिने स्टुडिओ विकला, पण टीव्हीवर काम चालूच ठेवलं. २६ एप्रिल १९८९ ला ती वारली.