पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो का?

‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, म्हणूनच पूर्वजांनी त्याला पूज्य मानलं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. एका शाळेच्या भिंतीवर तो रंगवलेला पाहिला आणि जीव हळहळला, कारण आत वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवलं जातं. मुलांनी खरं काय मानायचं?

झाडाने सोडलेला ऑक्सिजन येतो पाण्याच्या रेणूतून, आणि तो रेणू फोडायला प्रकाश लागतो. अंधारात हे काम थांबतं. श्वसन मात्र दिवसरात्र सुरूच असतं, त्यामुळे रात्री पिंपळही आपल्यासारखा ऑक्सिजन घेतोच. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतात, हे खरं. पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात.

पडताळा घ्यायचाय? हायड्रिला या पाणवनस्पतीची ताजी कापलेली डहाळी पाण्याच्या ग्लासात पूर्ण बुडवा, चिमूटभर खायचा सोडा टाका आणि उन्हात ठेवा. कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. आता ग्लासवर काळं जाड कापड टाका. थोड्या वेळाने पाहा, माळ तुटलेली असते. पिंपळाच्या पानातही उजेडाचं हेच गणित चालतं.

आणि रात्री पारावर झोपायचं भयही नको. झाडाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोकळ्या हवेत कुठच्या कुठे विरून जातो.