इंकजेट प्रिंटरने घरगुती सर्किट बोर्ड बनवणे

कागद छापण्याचा साधा इंकजेट प्रिंटर वापरून छापील सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, घरच्या घरी तयार करण्याची पद्धत. कोरा बोर्ड म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीची साधारण १.६ मिमी जाडीची पाटी. तिच्यावर तांब्याचा थर असतो, बहुधा ३५ मायक्रॉनचा. जिथे वीजवाहक रेघ हवी तिथले तांबे झाकायचे आणि उरलेले रसायनाने विरघळवायचे, या क्रियेला एचिंग म्हणतात. झाकायचे कशाने, यावर पुढचे सगळे ठरते.

लेझर प्रिंटर असेल तर हे सोपे जाते. टोनर ही प्लॅस्टिकची भुकटी असल्यामुळे छापील कागद इस्त्रीने दाबला की ती वितळून तांब्याला चिकटते आणि एचिंगच्या द्रावणाला दाद देत नाही. इंकजेटची शाई पाणीदार असते, ती कागदात मुरते आणि इस्त्रीखाली सुटून येत नाही. त्यामुळे इस्त्रीची कृती इंकजेटवर करून पाहण्यात अर्थ नाही.

सर्वांत भरवशाची वाट म्हणजे शाईला फक्त सावली पाडण्याचे काम देणे. सर्किटचा आराखडा इंकजेटसाठी मिळणाऱ्या पारदर्शक फिल्मवर छापतात. तांब्यावर प्रकाशसंवेदी थर असतो. तयार बोर्डांवर तो आधीच दिलेला असतो, नाहीतर ड्राय फिल्म, म्हणजे अशा थराचा सुटा पातळ पापुद्रा, लॅमिनेटरमधून चिकटवावी लागते. छापलेली पारदर्शक फिल्म वर ठेवून अतिनील प्रकाश दिला की ड्राय फिल्मचा उजेड लागलेला भाग कडक होतो आणि झाकलेला भाग धुण्याच्या सोड्याच्या सुमारे १ टक्का द्रावणात निघून जातो. तयार बोर्डांवरचा थर बहुधा उलट वागतो, त्याचा उजेड लागलेला भाग कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात सुटतो. म्हणून ड्राय फिल्मसाठी रेघा पारदर्शक आणि बाकी सगळे काळे छापावे लागते. हे उलटसुलट करून बसणे नवख्यांच्या बाबतीत नेहमीचेच.

या पद्धतीचे यश काळ्या रंगाच्या दाटपणावर अवलंबून असते. डोळ्यांना गडद दिसणारी शाई अतिनील किरणे अडवेलच असे नाही. पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा घन रंगकणांची, म्हणजे पिगमेंट शाई सहसा सरस ठरते. तरीही कमी पडले तर दोन फिल्म तंतोतंत एकावर एक ठेवतात. आराखडा आरशातल्यासारखा उलटा छापणेही गरजेचे असते, कारण शाईची बाजू संवेदी थराला टेकली पाहिजे. मध्ये फिल्मची जाडी आली तर उजेड कडेने आत शिरतो आणि बारीक रेघा पुसट होतात. उजेड किती वेळ द्यायचा हे पुस्तकी आकड्यावरून ठरवू नये. एका तुकड्याचे भाग टप्प्याटप्प्याने उघडत चाचणी पट्टी काढावी, कारण दिवा, अंतर आणि शाई प्रत्येकाची निराळी असते.

दुसरी वाट धाडसी आहे: थेट तांब्यावर छपाई. यासाठी हौशी मंडळी बहुधा एप्सनचे प्रिंटर निवडतात. त्यांत शाईचा थेंब पिझो स्फटिकाच्या, म्हणजे वीज देताच आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या, हालचालीने फेकला जातो, शाई उकळावी लागत नाही. शिवाय काही मॉडेलांच्या पिगमेंट शाईत राळ असते आणि ती भाजल्यावर घट्ट बसते. पाटी वाकत नसल्याने प्रिंटरचे हेड उंच करावे लागते, पाटी सरळ आत जाईल असा मार्ग करावा लागतो आणि कागद ओळखणाऱ्या सेन्सरला फसवावे लागते. गुळगुळीत तांब्यावर शाईचे थेंब गोळा होतात, म्हणून पृष्ठभाग आधी घासून खरबरीत आणि तेलकटपणारहित करतात. काम जमले तर फिल्म आणि दिव्याची सगळी उठाठेव वाचते. मात्र प्रिंटर पुन्हा कागदाच्या कामाचा राहीलच असे नाही.

तिसऱ्या प्रकारात शाईच वीज वाहते. २०१३ मध्ये टोकियो विद्यापीठ, जॉर्जिया टेक आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी चांदीच्या नॅनोकणांची शाई साध्या प्रिंटरमध्ये भरून फोटो पेपरवर सर्किट छापून दाखवले. त्यात कण खोलीच्या तापमानालाच एकमेकांना जुळतात, भट्टी लागत नाही. पण अशा कागदावर नेहमीचे सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने भाग जोडणे, जमत नाही, भाग वाहक चिकटपट्टीने किंवा वाहक इपॉक्सीने जोडावे लागतात.

पहिल्या दोन प्रकारांत एचिंगसाठी फेरिक क्लोराईड सर्रास वापरतात. द्रावण कोमट ठेवून हलवत राहिल्यास काम लवकर उरकते. ते तांबे वरून खाली खाते तसे रेघेच्या कडेनेही खाते, म्हणून बोर्ड गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला तर रेघा बारीक होतात. द्रावणाचे डाग जात नाहीत आणि धातूचे भांडे ते खाऊन टाकते. वापरलेल्या द्रावणात तांब्याचे क्षार असतात. ते जलचरांना घातक असल्याने मोरीत ओतू नये, घातक कचऱ्याच्या संकलनाकडे द्यावे.

दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंना तांबे असलेल्या, बोर्डासाठी दोन्ही बाजूंच्या फिल्म आधी जुळवून कडेने चिकटवतात आणि त्या पाकिटात बोर्ड सरकवतात. कारखान्यात छिद्रांच्या आतून तांब्याचा मुलामा देतात. घरी ते सहसा साधत नाही, त्यामुळे वरची आणि खालची रेघ जोडायला छिद्रातून तार ओवून दोन्हीकडे सोल्डर करतात.