राखणदार आणि भूत : बाटलीत कोणाला भरायचे?

दूरचित्रवाणीवर सध्या चालू असलेल्या एका भयमालिकेचा ताजा भाग पाहिल्यावर हे लिहिणे भाग पडले. मालिकेचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा घोळ तिने सुरू केलेला नाही आणि ती बंद पडल्याने तो मिटणारही नाही. कथानक सिंधुदुर्गातले आहे. ठाण्याचे एक कुटुंब वडिलोपार्जित घरवाडीत परत येते, परड्याच्या कडेने जाणारी जुनी पायवाट बंद करून चिऱ्यांचा गडगा घालते, आणि त्या रात्रीपासून गडग्यापलीकडे घुंगूरकाठीचा आवाज येऊ लागतो. सकाळी गडग्याचे चार चिरे खाली पडलेले असतात. मुलाला ताप चढतो, विहिरीचे पाणी काढायला गेलेल्या बाईला कोणीतरी उंच माणूस घोंगडी पांघरून उभा असलेला दिसतो. इथपर्यंतचा भाग मला मनापासून आवडला, कारण कोकणात अशी हकिगत जशी सांगितली जाते तशीच ती दाखवली होती. पार्श्वसंगीतही त्या वेळी गप्प होते. मग मांत्रिक आला, त्याने लिंबू कापले, मिरच्यांची धुरी केली, आणि त्या घोंगडीवाल्याला काचेच्या बाटलीत भरून बुचावर लाल दोरा गुंडाळला. मांत्रिक त्याला कधी ‘राखणदार’ म्हणत होता, कधी ‘भूत’, कधी ‘आत्मा’.

राखणदार म्हणजे गावाची किंवा वाडीची राखण करणारी अदृश्य शक्ती; त्याला बाटलीत भरत नाहीत. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही वाडीत हे सांगितले तर लोक प्रथम हसतील आणि मग ज्याने भरला त्याची काळजी करतील.

भुताविषयी फार सांगण्याची गरज नाही. अपुऱ्या इच्छेचा, अवेळी मेलेल्या किंवा उत्तरक्रिया नीट न झालेल्या माणसाचा मागे राहिलेला अंश, ही कल्पना मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, संपत्तीत जीव अडकलेला समंध होतो, पाण्याकाठी गिऱ्हा असतो. या यादीत आणखी दहा नावे घालता येतील आणि प्रत्येक गावात त्यांची अदलाबदल झालेली आढळेल. राखणदार, ज्याला दक्षिण कोकणात देवचार, चाळा किंवा नुसते ‘जागेवालो’ असेही म्हणतात, तो मात्र शहरी प्रेक्षकाला ऐकूनच माहीत असतो, आणि ऐकलेले बहुधा मालिकांमधूनच असते.

दिसण्यातले फरक किरकोळ आहेत. राखणदार उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि अनेक ठिकाणी विडीचा किंवा चिलमीचा शौकीन. हडळीचे पाय उलटे, केस मोकळे. दोघेही रात्री दिसतात, दोघांनाही तिन्हीसांजा आणि अमावास्या चालतात. वेशभूषा विभागाने या बाबतीत काही चूक केली तरी माझी तक्रार नाही. (पांढऱ्या साडीची मात्र आहे. कोकणातल्या प्रत्येक मृत स्त्रीला कोरी पांढरी साडी नेसवून चालवणे आता थांबवावे.)

खरी गफलत पुढे होते. बहुतेक जण हा फरक सांगताना म्हणतात की भूत माणसाला लागते आणि राखणदार जागेला असतो. हे उत्तर सोपे आहे, म्हणून ते पसरते, पण ते टिकत नाही. मुंजा पिंपळावर असतो, तो पिंपळ सोडून जात नाही. मग तो राखणदार झाला का? गिऱ्हा एकाच वळणावरच्या डोहात असतो. जागेला चिकटून राहणे हा फरकाचा आधार धरला तर निम्मी भुते राखणदारांच्या रांगेत येऊन बसतील. दुसरे लोकप्रिय उत्तर असे की भूत वाईट आणि राखणदार चांगला. तेही चुकीचे आहे. राखणदार वाट चुकवतो, गुरे अडवतो, तापाने माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळवतो, असे सांगणारे लोक त्याच तोंडाने त्याला ‘म्हाराजा’ म्हणतात. त्याची भीती भुताइतकीच वाटते, कदाचित अधिक. मालिकेच्या लेखकाने नेमके इथेच पाऊल घसरू दिले: ज्याची भीती वाटते ते भूत, असे त्याने गृहीत धरले.

फरक आहे तो नेमणुकीचा. राखणदाराला कोणीतरी राखण सोपवलेली असते, त्या राखणीची हद्द ठरलेली असते, आणि त्या बदल्यात त्याला काय द्यायचे तेही ठरलेले असते. नेमणूक ग्रामदेवतेची असते असे मानतात. गावाच्या सीमेचा राखणदार, वाडीचा राखणदार, एखाद्या कुळागराचा किंवा शेतमळ्याचा राखणदार, असे ते देवळापासून उतरत्या क्रमाने जोडलेले असतात. त्याला वर्षातून ठरलेल्या दिवशी राखण दिली जाते: कुठे नारळ आणि केळी, कुठे कोंबडा आणि रोट, कुठे विडी आणि दारूचा शिंतोडा. भुताला असे काहीच ठरलेले नसते. ते कोणाचे काही राखत नाही, कोणाला उत्तर देण्यास बांधील नाही, आणि त्याला दिलेला उतारा हा मान नसून निघून जाण्याची लाच असते. तिठ्यावर ठेवलेला दहीभात आणि सीमेवर फोडलेला नारळ ही दोन्ही कृत्ये दुरून सारखी दिसतात, पण पहिल्यात ‘जा’ असे म्हटलेले असते आणि दुसऱ्यात ‘राहा आणि सांभाळ’.

हे पटवण्यासाठी एकच उपमा देतो. राखणदाराचा हक्क हा जमिनीवरच्या वहिवाटीसारखा असतो. खरेदीखत झाले, सातबाऱ्यावर नवे नाव चढले, तरी शेजाऱ्याची वाट जशी आपोआप बंद होत नाही, तशी राखणदाराची वार्षिक राखणही नव्या मालकाच्या गळ्यात पडते; म्हणूनच जाणते विकणारे व्यवहार पुरा झाल्यावर नव्या मालकाला बाजूला घेऊन ‘इथे काय द्यायचे असते’ ते सांगून जातात. गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे सर्वांच्या वतीने मोठ्याने घातलेल्या आर्जवात, ‘बारा वहिवाटी’चा उल्लेख येतो तो उगाच नव्हे.

आता एक अडचण मला टाळता येणार नाही, कारण जाणकार वाचक ती काढणारच. ब्रिटिश अधिकारी आर. ई. एन्थोव्हेन यांनी 1915 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांत देवचाराचे नाव भुतांच्याच यादीत आहे. मेलेल्या माणसापासून तो होतो आणि गावाच्या चार बाजूंना राहतो, असे तिथे नोंदवले आहे. (ही सामग्री मुळात नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवली होती, ज्यांना 1909 साली अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. माहिती पुरवणाऱ्यांत गावोगावचे शाळामास्तर होते, त्यामुळे ती ऐकीव असली तरी गावातलीच होती.) मग राखणदार हा भूतच ठरला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ती नोंद उलट माझेच म्हणणे पुढे नेते, कारण त्या यादीतल्या इतर मंडळींना झाडे, विहिरी आणि स्मशाने मिळाली आहेत, तर देवचाराला गावाच्या चार बाजू, म्हणजे सीमा मिळाली आहे. सीमेवर कोण उभा राहतो, याचे उत्तर कोणत्याही गावात एकच आहे. राखणदार पूर्वी माणूस होता की नव्हता हा प्रश्नच गौण आहे. गावातल्या एखाद्या पराक्रमी किंवा अपघाताने गेलेल्या पुरुषाला पुढे दगड मांडून, मान देऊन, राखणीला बसवले अशा कथा कोकणात जागोजाग ऐकायला मिळतात. म्हणजे मूळ एक असू शकते. पण एकदा हद्द आणि मान ठरला की तो भुताच्या वर्गात राहत नाही. ‘हा कोण होता’ असे विचारणारा मांत्रिक असतो. ‘ह्याचे काय राहून गेले’ असे विचारणारा गावकरी असतो.

या कल्पनेचे सर्वांत भव्य रूप पाहायचे असेल तर वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला जावे. तिथला वेतोबा हा वेताळच, पण संस्कृत कथांमधल्या प्रेतात शिरून झाडाला लटकणाऱ्या वेताळाशी त्याचे नाव सोडले तर फारसे काही जुळत नाही. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्यामुळे वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याला गाव स्वतःहून पादत्राणे पुरवते त्याला त्याच गावात बाटलीत भरण्याची कल्पना किती विसंगत आहे, हे वेगळे सांगायला नको.

नेमणुकीचा फरक लक्षात घेतला की उपायाचा फरक त्यातून सरळ निघतो. भुताच्या बाबतीत प्रश्न असतो तो बाहेर काढण्याचा, म्हणून तिथे मांत्रिक लागतो. राखणदाराच्या बाबतीत प्रश्न असतो तो चुकलेले दुरुस्त करण्याचा, म्हणून तिथे मानकरी आणि गाऱ्हाणे घालणारा लागतो. ग्रामदेवतेला कौल लावला जातो, म्हणजे देवाचा निर्णय विचारला जातो, काय चुकले ते कळते, नारळ ठेवून चूक कबूल केली जाते, जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि जे अडले होते ते मोकळे केले जाते. त्या ठाणेकर कुटुंबाला उपाय पाहायला बाहेर जायचीही गरज नव्हती: पायवाट उघडी करायची, गडगा दोन हात मागे घ्यायचा, राहिलेली राखण द्यायची. यात नाट्य नाही असे ज्याला वाटते त्याने एखादे खणखणीत गाऱ्हाणे ऐकलेले नाही. मालवणी बोलीत आवाज वर चढत जाणारे ते आर्जव आणि प्रत्येक वाक्यानंतर पडणारा होकार यांच्यापुढे लिंबू-मिरचीचा प्रसंग फिका पडला असता.

मिरचीच्या धुरीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही राखणदार-भूत या वादापेक्षा गंभीर आहे. मांत्रिकाने ती धुरी तापाने फणफणलेल्या मुलाच्या नाकाशी धरली होती. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे गुन्हा म्हणून नोंदवलेली आहेत. पडद्याच्या कोपऱ्यात ‘आम्ही अंधश्रद्धेला प्रोत्साहन देत नाही’ अशी बारीक अक्षरे फिरवून तोच प्रकार यशस्वी उपाय म्हणून दाखवायचा, ही मला शुद्ध लबाडी वाटते. राखणदार आहे की नाही यावर मी इथे एक शब्दही लिहिलेला नाही. पण तापाच्या मुलाला डॉक्टर हवा, हे गाऱ्हाणे घालणारासुद्धा सांगतो.

भागाच्या शेवटी कुटुंब घाबरून ठाण्याला परतते आणि त्यांच्या इमारतीच्या उद्वाहनात घुंगूरकाठीचा आवाज येतो. पुढचा भाग पाहायला लावण्यासाठी हा शेवट चांगला असेल, पण राखणदार हद्द सोडून गेला तर मागे गाव कोण राखणार? मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला गावच्या राहून गेलेल्या राखणीचा त्रास होतो, असे मानणारी घरे अनेक आहेत, हे मी नाकारत नाही. मात्र त्या हकिगतींतही राखणदार गाडीत बसून येत नाही; त्रास इथे जाणवतो, पण उपायाला माणसालाच गावी जावे लागते. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या गावपळणीकडे पाहिले तरी हद्दीचे हे महत्त्व दिसते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर राहुट्या टाकून राहतो. ओढा किंवा वेस ओलांडली की माणूस निर्धास्त स्वयंपाकाला लागतो. वृत्तवाहिन्या याला दर वेळी ‘भुतांचे गाव’ असा मथळा देतात, ही आणखी एक चीड.

मालिकेत घरमालक पुस्तकी मराठी बोलतो आणि फक्त गडी, मांत्रिक व राखणदार मालवणी बोलतात, यावर वेगळे लिहावे लागेल.

लेखकाला खरोखर पाठलाग करणारा, शहरापर्यंत येणारा, बाटलीत भरता येणारा कोणी हवा असेल तर समंध त्याच्या दाराशी उभा आहे. तोही राखतो, पण आपलीच पुरलेली हंडी राखतो. त्याला ते काम कोणी दिलेले नाही, त्याला कोणी नारळ ठेवत नाही, आणि हंडीतले काही उचलून नेले तर तो मागे येतो अशीच त्याची कीर्ती आहे. ठाणेकर कुटुंबाने पायवाट अडवण्याऐवजी परड्यात खणताना एक पितळी डबा उचलला असता, तर बाकीचा सगळा भाग एक दृश्यही न बदलता चालून गेला असता. फक्त घुंगूरकाठी काढावी लागली असती.