मुलांच्या अपस्मारावरील शस्त्रक्रिया : पार्श्वभूमी

अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके चालूच राहिले, तर तिसऱ्या-चौथ्या औषधानं ते थांबण्याची आशा फार थोडी. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर वेळ दवडणं महागात पडतं. बसू लागलेलं मूल बसायचं विसरतं, बोलू लागलेलं गप्प होतं. अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि झटका मेंदूत नेमका कुठून सुरू होतो हा जुनाच प्रश्न समोर येतो.

२५ मे १८८६ रोजी लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी २२ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला व्रण काढला. जागा ठरवायला आधार होता तो बालपणीच्या अपघाताची खूण आणि झटक्यांचं निरीक्षण एवढाच. १९२९ मध्ये हान्स बर्गर यांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, जगापुढे आणला. मॉन्ट्रियलमध्ये मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड रुग्णाला जागं ठेवून, मेंदूला हलका विद्युतप्रवाह देत, त्याच्याशी बोलत जागा शोधत. दोन वर्षांच्या मुलाकडून हे कसं होणार? मुलं मागे राहिली ती इथंच.

मुलांसाठी शस्त्रक्रिया झाल्या त्या आधी अगदी मोठ्या. १९५० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रिनॉ यांनी मेंदूचा अर्धा भाग निकामी झालेल्या १२ रुग्णांमध्ये तो भाग काढल्याचं प्रसिद्ध केलं. पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आलेल्या जेकब चांडी यांनी १९५२ मध्ये वेल्लोरला अपस्मारावर शस्त्रक्रिया केली. भारत या कामात फार मागे नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं.

खरा फरक पडला तो प्रतिमांनी. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला, १९८० च्या दशकात एमआरआय. गर्भातच चुकीची घडण झालेला कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, बारीकसा तुकडा आता दिसू लागला. एमआरआय निर्दोष असलेल्या काही बाळांमध्येही पेट स्कॅननं, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो हे दाखवणाऱ्या तपासणीनं, बिघडलेला भाग दाखवला. लॉस एंजेलिसच्या हॅरी चुगानी यांचं हे काम मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं.

तरी एक अडचण उरली. कवटी उघडली की मेंदूभोवतालचं पाणी ओघळतं, मेंदू किंचित सरकतो आणि आधी काढलेली प्रतिमा जुळत नाही. त्यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात बोस्टनमध्ये शस्त्रक्रिया चालू असतानाच एमआरआय काढायला सुरुवात झाली. त्यानंतर लेझर आला. कवटीला काही मिलिमीटरचं छिद्र पाडून बारीक तंतू आत सरकवतात आणि ऊती किती तापली हे एमआरआयवर पाहत ती जाळतात. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातल्या गाठीमुळे काही मुलांना कारण नसताना हसण्याचे झटके येतात. मेंदूच्या इतक्या खोल भागात पोचायला ही पद्धत विशेष उपयोगी ठरली.

शस्त्रक्रियेचा भक्कम पुरावा दिल्लीच्या एम्सनं दिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ११६ मुलं होती. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के झटक्यांपासून मुक्त होती, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३३ टक्के मुलांना गंभीर दुष्परिणामही झाले. त्यात प्रामुख्यानं शरीराच्या एका बाजूची ताकद कमी झाली होती, आणि पुष्कळदा ती काढलेल्या भागावरून आधीच अपेक्षित होती.