जुन्या डिस्क ड्राइव्हमधील लेझर डायोडची हौशी चाचणी

निकामी झालेल्या सीडी, डीव्हीडी किंवा ब्लू-रे ड्राइव्हमधून लेझर डायोड, म्हणजे विजेवर लेझरचा प्रकाश देणारा छोटा भाग, काढायचा. तो जिवंत आहे का, किती प्रवाहाला पेटतो आणि किती प्रकाश देतो हे घरच्या साधनांनी तपासायचे, असा हा छंद आहे. ड्राइव्ह टाकून दिला जातो तो अनेकदा मोटर, पट्टा किंवा भिंगावरची धूळ यांमुळे. आतला डायोड तेव्हा ठणठणीत असू शकतो. हौशी माणसाच्या हातून तो मरतो तो बहुधा बाहेर काढताना किंवा पहिल्यांदा वीज देताना.

सीडीसाठी (१९८२) ७८० नॅनोमीटरचा अवरक्त (डोळ्याला जेमतेम दिसणारा), डीव्हीडीसाठी (१९९६) ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेसाठी (२००६) ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर वापरतात. तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक आणि तितकी डिस्कवर माहिती जास्त. नुसती डिस्क वाचायला काही मिलिवॅट पुरतात. लिहायला मात्र डिस्कवरचा थर तापवावा लागतो, म्हणून हौशी मंडळींची नजर रायटरवर, म्हणजे डिस्कवर लिहूही शकणाऱ्या ड्राइव्हवर, असते. वेगवान डीव्हीडी रायटरमधला लाल डायोड सलग चालवला तरी शंभर मिलिवॅटच्या पुढे जाऊ शकतो. लिहिताना ड्राइव्ह त्याला क्षणिक स्पंदांत याहून पुष्कळ जास्त प्रवाह देतो. तो स्पंदांचा आकडा वाचून तेवढाच प्रवाह सलग सोडणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक. बऱ्याच ड्राइव्हमध्ये लाल आणि अवरक्त असे प्रकाश देणारे दोन स्फटिक एकाच डबीत असतात, त्यामुळे कोणता पाय (डबीतून बाहेर आलेली तार) कोणाचा हे आधी ठरवावे लागते.

डायोडची धातूची डबी साधारण ५.६ किंवा ३.८ मिलिमीटर व्यासाची असते. ज्या फटीतून प्रकाश बाहेर पडतो ती मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाची. एवढ्याशा जागेतून सगळी शक्ती जात असल्याने काही नॅनोसेकंदांचा झटकाही स्फटिकाच्या टोकाचा आरसा वितळवतो. बोटातून गेलेली स्थिर वीज, जिची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, तेवढे करायला पुरते. असा डायोड विझत नाही, आणि फसगत होते ती इथेच. तो मंद लाल उजळत राहतो, पण लेझर म्हणून संपलेला असतो. उरतो तो साधा एलईडी.

म्हणून काढायच्या आधी त्याचे पाय एकमेकांना जोडून टाकतात. पिकअपच्या (डायोड आणि भिंग असलेल्या, डिस्क वाचणाऱ्या भागाच्या) लवचीक पट्टीवर डायोडजवळ अनेकदा दोन छोटे उघडे ठिपके दिसतात. जोडणीपूर्वी डायोड सुरक्षित राहावा म्हणून कारखान्यात त्यांच्यावर सोल्डरचा थेंब टाकून ते जोडलेले होते. हौशी माणूस तोच थेंब पुन्हा टाकतो आणि मगच पट्टी कापतो. डायोड सुटा झाला की तिन्ही पायांभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळायची. ती सोडायची ती वीजपुरवठ्याच्या तारा जोडून झाल्यावर.

वीज देताना व्होल्टेज नव्हे, प्रवाह बांधून ठेवावा लागतो. सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे एलएम३१७ हा रेग्युलेटर, म्हणजे वीज ठरावीक ठेवणारा तीन पायांचा भाग. त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट कायम राहतात, म्हणून तिथे १० ओमचा रेझिस्टर लावला की १२५ मिलिअँपिअर मिळतात. हे मंडल (सर्किट) आधी खऱ्या डायोडऐवजी नकली भारावर चालवून पाहायचे : लाल डायोडसाठी ओळीत चारेक आणि जांभळ्यासाठी सहाएक साधे सिलिकॉन डायोड, जोडीला १ ओमचा रेझिस्टर. त्या रेझिस्टरवर मल्टिमीटर जितके मिलिव्होल्ट दाखवेल तितके मिलिअँपिअर वाहत आहेत. आकडा जमला की वीज बंद करून आउटपुटचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा करायचा आणि मग खरा डायोड जोडायचा. भरलेल्या कपॅसिटरवर डायोड जोडला तर तो साठा एका क्षणात त्यातून जातो. चालू मंडलाची तार निसटून पुन्हा टेकली तरी तेच. फिरवायचा रेझिस्टर वापरत असल्यास त्याच्या ओळीत एक ठरावीक रेझिस्टर हवाच, नाहीतर बटण टोकाला गेले की प्रवाहाला आवरच राहत नाही.

खरी चाचणी प्रवाह हळूहळू वाढवत करतात. सुरुवातीला भिंतीवर नुसता मऊ, सपाट उजेड पडतो. एका विशिष्ट प्रवाहाला, बहुतेक वेळा ३० ते ८० मिलिअँपिअरच्या दरम्यान, तो उजेड एकदम कणीदार होतो आणि वाळू चमकावी तसा झळकतो. डोके हलवले तर कणही सरकतात. हा उंबरठा प्रवाह. इथून पुढे प्रकाश जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. चांगला लाल डायोड दर मिलिअँपिअरला एक मिलिवॅटच्या आसपास देतो. दर पाच-दहा मिलिअँपिअरला नोंद करून आलेख काढला की डायोडची प्रकृती कळते. उंबरठा खूप वर सरकलेला असणे किंवा रेषा लवकर आडवी होणे हे डायोड थकल्याचे, नाहीतर तापल्याचे लक्षण. धातूच्या हीटसिंकात (उष्णता ओढून घेणाऱ्या तुकड्यात) न बसवता घेतलेल्या नोंदी म्हणूनच भरवशाच्या नसतात. काळा फुगा फोडणे किंवा काडी पेटवणे याला काही जण चाचणी म्हणतात. पण त्यात ठिपका किती बारीक आणला आहे हेच जास्त मोजले जाते. मिलिवॅट मोजायला उष्णतेवर चालणारा मापक बरा, कारण सिलिकॉन फोटोडायोडचा (प्रकाश पडला की वीज देणाऱ्या भागाचा) प्रतिसाद रंगानुसार बदलतो.

५ ते ५०० मिलिवॅटचे सलग लेझर सुरक्षेच्या वर्गवारीत ३बी वर्गात येतात. थेट किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटेपर्यंतचा पाव सेकंदही जास्त ठरतो. सर्वांत दगाबाज अवरक्त. त्याचा अंधुक लालसर ठिपका पाहून तो दुबळा वाटतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र तोच पांढरट जांभळा लखलखतो. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाशही डोळ्याला आहे त्यापेक्षा फिका दिसतो. चष्मा त्या त्या तरंगलांबीचाच लागतो. लाल लेझर अडवणारा चष्मा जांभळा अडवेलच असे नाही आणि उन्हाचा गॉगल तर दोन्हीला निरुपयोगी.

एकाच मॉडेलच्या दोन ड्राइव्हमधून वेगळे डायोड निघू शकतात आणि सोबत माहितीपत्रक नसते. त्यामुळे तपासून झाल्यावर पायांना पुन्हा तार गुंडाळून डायोड छोट्या पाकिटात ठेवतात. वर लिहितात : कोणत्या ड्राइव्हमधला, धन पाय कोणता, उंबरठा किती, आणि कुठल्या प्रवाहाला रेषा वाकायला लागली.